राजा मरत नाही, फौज उपाशी राहत नाही

सिव्हिलायझेशन खेळणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा, "या गेममधली सगळ्यात डोक्यात जाणारी गोष्ट कुठली?" बहुतेक वेळा उत्तर ठरलेलं असतं: "अरे, माझा रणगाडा भालेवाल्याने उडवला!" मग पुढची पंधरा मिनिटं तो रणगाडा किती टर्न खपून बांधला होता, तो भालेवाला कसा टेकडीवर ठाण मांडून बसला होता आणि कंपनीने आपली कशी फसवणूक केली याचं साग्रसंगीत वर्णन. ही तक्रार मी इतक्या जणांकडून ऐकली आहे की आता कंटाळा आला. आणि कंटाळ्याचं मुख्य कारण म्हणजे ती तक्रारच चुकीची आहे. गेम अवास्तव आहे, भयंकर अवास्तव आहे, पण तो भालेवाला ही त्यातली बहुधा सगळ्यात वास्तव गोष्ट आहे!

ज्यांनी हा प्रकार कधी खेळला नाही त्या सुखी जीवांसाठी थोडक्यात सांगतो. सिड मायरचा पहिला सिव्हिलायझेशन १९९१ साली आला, सातवा २०२५ साली. इसवी सनपूर्व ४००० मध्ये तुमच्याकडे एक वसाहत करणारी टोळी असते. गाव वसवायचं, शेती करायची, चाक शोधायचं, शेजाऱ्याला बडवायचं, आणि असं करत करत शेवटी अंतराळयान उडवायचं किंवा अख्खं जग जिंकायचं. बुद्धिबळासारखा टर्न घेत घेत खेळायचा गेम आहे, त्यामुळे घाई नसते. घाई नसते म्हणूनच शनिवारी जेवण झाल्यावर "एकच टर्न" म्हणून बसलेला माणूस दूधवाल्याची बेल वाजली की उठतो. मी या मालिकेवर माझ्या आयुष्यातले किती वीकेंड घालवले ते घरच्यांना कळू नये अशी इच्छा आहे. गेम मला आवडतो, म्हणूनच तर भांडतोय. जो आवडत नाही तो अनइन्स्टॉल करून माणूस गप्प झोपतो.

आधी जे माफ आहे ते बाजूला काढू, म्हणजे "अरे गेम आहे तो!" म्हणणाऱ्यांचं तोंड बंद होईल. पाचव्या सिव्हिलायझेशनमध्ये (२०१०) स्टँडर्ड नकाशा ८० टाइल रुंद असतो. पृथ्वीचा परीघ साधारण ४०,००० किलोमीटर. म्हणजे विषुववृत्तावर एक टाइल झाली ५०० किलोमीटरची. धनुर्धराचा बाण दोन टाइल जातो, म्हणजे १,००० किलोमीटर. पुण्यातून सोडलेला बाण नागपूर ओलांडून पुढे जाईल. अग्नी-१ क्षेपणास्त्राचा पल्ला ७०० किलोमीटरच्या पुढे, म्हणजे आमच्या लाकडी धनुष्याच्या जवळपास म्हणायचा. आता याच धनुर्धराला चालवून बघा. सुरुवातीला एक टर्न ४० वर्षांचा असतो आणि सपाट जमिनीवर तो एका टर्नमध्ये दोन टाइल चालतो. भागाकार केला तर दिवसाला ७० मीटरसुद्धा भरत नाहीत. हिंजवडीच्या सिग्नलला सुद्धा लोक यापेक्षा वेगाने सरकतात. ज्याचा बाण हजार किलोमीटर उडतो त्याला स्वतःला तेवढं चालायला ४० वर्षं लागतात!

पण हे माफ. मनापासून माफ. सहा हजार वर्षं पाचशे टर्नमध्ये कोंबायची आणि अख्खी पृथ्वी एका स्क्रीनवर आणायची तर प्रमाण बिघडणारच. बुद्धिबळातला घोडा अडीच घरं का जातो असं कुणी विचारत नाही. लोकलचा नकाशा पाहून "चर्चगेट ते विरार सरळ रेष कशी काय?" म्हणणाऱ्या माणसाला आपण हसतो. सोपं करण्यासाठी बोललेलं खोटं ते खोटं नव्हे. नकाशाला ते लागतंच.

आता तो भालेवाला. पहिल्या गेममध्ये हिशोब अगदी साधा होता. युद्धनौकेचं आक्रमण १८, फॅलँक्सचा बचाव २, आणि दोघांच्या बळाच्या प्रमाणात एकदाच नशीब आजमावायचं. म्हणजे सपाटीवरसुद्धा दहात एकदा फॅलँक्स युद्धनौका बुडवणार. टेकडी, तटबंदी मिळाली तर विचारूच नका. लोकांनी बोंब मारली. दुसऱ्या भागात (१९९६) हिट पॉइंट आणि फायरपॉवर आले, बोंब कमी झाली. तिसऱ्या भागात (२००१) फायरपॉवर काढून टाकली, बोंब परत सुरू. चौथ्या भागापर्यंत (२००५) लढाईआधीच जिंकण्याची शक्यता टक्क्यांत दाखवायला लागले. ९५ टक्के बघून हल्ला करायचा आणि हरलो की शिव्या घालायच्या. अरे बाबांनो, ९५ टक्के म्हणजे वीसात एकदा हरणारच! आपण सगळे इंजिनिअरिंगला प्रोबॅबिलिटी शिकून आलोय ना?

आणि प्रत्यक्षात काय होतं? २२ जानेवारी १८७९ रोजी दक्षिण आफ्रिकेत इसांडलवाना इथे सुमारे २०,००० झुलू योद्ध्यांनी ब्रिटिशांची छावणी कापून काढली. ब्रिटिशांकडे मार्टिनी-हेन्री रायफली होत्या, दोन तोफा होत्या, अग्निबाणांची तुकडी होती. झुलूंकडे मुख्यतः भाले आणि ढाली, सोबत काही जुनाट बंदुका. ब्रिटिशांच्या बाजूची तेराशेच्या आसपास माणसं मेली. इंग्लंडात त्या वेळी कुणी तरी नक्कीच म्हणालं असेल की हा गेम बोगस आहे. रणगाड्याचं म्हणाल तर रणगाडा हरायला भालाही लागत नाही. ऑगस्ट १९४४ च्या अखेरीस जनरल पॅटनची थर्ड आर्मी फ्रान्समधून सुसाट निघाली होती ती थांबली, कारण पेट्रोल संपलं. पेट्रोल संपलेल्या रणगाड्यासमोर भालेवाला सोडा, काठी घेतलेला म्हाताराही चालतो.

म्हणजे भालेवाला जिंकतो हे ठीकच आहे. लोकांना खटकलं ते वेगळंच. सिड मायरने २०१० साली गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समधल्या भाषणात हे फार मजेशीर सांगितलं होतं. सिव्हिलायझेशन रेव्होल्यूशनच्या चाचणीत खेळाडू तीनास एक अशा बळाने लढून हरले की चिडायचे. तीनास एक म्हणजे चारात एकदा हरणार, हे त्यांना पटेचना. पण स्वतः एकास तीन असताना जिंकले तर मात्र कुणाची काही तक्रार नाही! शेवटी त्यांनी गणितच खेळाडूच्या मनासारखं वाकवलं. आधीची लढाई हरला असशील तर पुढची जिंकायला थोडा हात द्यायचा, वगैरे. मायरचं म्हणणं असं की खेळाडूला आपण थोर आहोत असं वाटलं पाहिजे. धंदा म्हणून बरोबर आहे. पण माझ्या भांडणाचं मूळ नेमकं इथे आहे.

सिव्हिलायझेशनमधला खोटेपणा सगळीकडे सारखा पसरलेला नाही. त्याला दिशा आहे. जे जे राजाला त्रासदायक ते ते काढून टाकलं आहे, आणि राजा म्हणजे अर्थातच तुम्ही. प्रमाण बिघडलं ते नकाशासाठी, पण हे बिघडवलं ते खुशामतीसाठी. एकेक घेऊ.

पहिली गोष्ट, फौजेला भूक नाही. युनिट एकदा बांधलं की ते सहारात न्या, सैबेरियात न्या, शत्रूच्या राजधानीबाहेर शंभर वर्षं बसवा. तिजोरीतून दर टर्नला काही सोनं जातं, झालं. सहाव्या भागात (२०१६) तर जखमी तुकडी शत्रूच्या मुलखात नुसती बसून राहिली तरी बरी होते, फक्त थोडी सावकाश. तिला दाणागोटा कोण देतं? वैद्य कुठून येतो? प्रश्नच नाही. मिनारचा तो प्रसिद्ध आलेख आठवा, डेटा व्हिज्युअलायझेशनच्या प्रत्येक ट्रेनिंगमध्ये दाखवतात तो. १८६९ सालचा आहे, १८१२ च्या नेपोलियनच्या रशिया मोहिमेचा. जाताना ४,२२,००० माणसांचा जाडजूड पट्टा, परत येताना १०,००० ची काडी. त्या पट्ट्याचा फार मोठा भाग लढाईत कापला गेलेला नाही. तो भुकेने, तापाने, थंडीने झिजलाय. आणि मराठी माणसाला तर हे सांगायलाच नको. सदाशिवरावभाऊंच्या फौजेची दोन महिन्यांहून जास्त काळ पानिपतावर कोंडी झाली होती. रसदीची भिस्त ज्यांच्यावर होती ते गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी उपाशी सैन्य लढायला बाहेर पडलं. आपल्या भाषेत आजही परीक्षेत दांडी उडाली तरी "पानिपत झालं" म्हणतात. या गेममध्ये पानिपत होऊच शकत नाही. भाऊंनी तिथेच तळ ठोकून जखमा भरून घेतल्या असत्या आणि अब्दाली कंटाळून गेला असता.

दुसरी, निरोपाला वेळ लागत नाही. २४ डिसेंबर १८१४ रोजी बेल्जियममधल्या गेंट शहरात ब्रिटन आणि अमेरिकेचा तह झाला. तरीही ८ जानेवारी १८१५ रोजी न्यू ऑर्लिन्सला मोठी लढाई झालीच, कारण बातमी अजून समुद्रावरच होती. सिव्हिलायझेशनमध्ये कांस्ययुगातला राजासुद्धा जगाच्या दुसऱ्या टोकाच्या तुकडीला क्लिक करून हलवतो. तह झाला की त्या क्षणी लढाई बंद, आणि तुमची फौज शत्रूच्या हद्दीबाहेर उचलून ठेवली जाते! हुकूम उशिरा पोचला, चुकीचा पोचला, पोचूनही सरदाराने ऐकला नाही, असं काही नाही. इतिहासातल्या निम्म्या भानगडी याच तीन कारणांनी झाल्यात की नाही सांगा.

तिसरी, ज्ञानाला हमीपत्र आहे. टेक ट्री उघडा. कुठल्या शोधानंतर कुठला शोध, त्याला किती टर्न लागणार, त्यातून काय मिळणार, सगळं आधीच लिहून ठेवलेलं. चाकाचा शोध लागण्याआधी राजाला रेल्वेची वाट माहीत असते. आणि एकदा शिकलेलं परत कधी जात नाही. चीनमध्ये झंग ह याच्या प्रचंड ताफ्यांच्या सफरी १४३३ साली थांबल्या आणि पुढे तसली जहाजं बांधणंच बंद पडलं. गेममध्ये हे शक्य नाही. सॉफ्टवेअरवाल्यांना तर यावर हसू यायला हवं. एक माणूस नोटीस पीरियड संपवून गेला की अख्ख्या टीमचं मॉड्यूलविषयीचं ज्ञान नाहीसं होतं, हे ज्याने पाहिलंय त्याला "शिकलेलं कधी जात नाही" हे कसं पटावं? गंमत म्हणजे याच मंडळींच्या अल्फा सेंटॉरी या गेममध्ये (१९९९) संशोधनाची फक्त दिशा ठरवायची, नेमका शोध कुठला लागेल ते माहीत नाही, अशी सोय होती. म्हणजे जमत नव्हतं असं नाही.

चौथी, राजा मरत नाही. सहा हजार वर्षं तोच चेहरा. वारस नाही, भाऊबंदकी नाही, रीजंट नाही, दरबार नाही. गांधीजी १९९१ ते २०१६ सहाही मुख्य भागांत भारताचे राज्यकर्ते होते, आणि प्रत्यक्ष आयुष्यात त्यांनी सरकारात एकही पद घेतलं नाही! (त्यांच्या अणुबॉम्बची दंतकथा आपल्या ऑफिसांतही चवीने सांगतात: आक्रमकता १ होती, लोकशाहीने २ वजा झाले, अनसाइन्ड बाइट असल्याने २५५ झाले वगैरे. बग म्हणून झकास आहे, पण तो कधी नव्हताच. मायरने २०२० च्या आत्मचरित्रात तसं साफ लिहिलंय. पाचव्या भागातलं गांधींचं अणुप्रेम मात्र मुद्दाम, विनोद म्हणून घातलं होतं.) सातव्या भागाने तर कळसच केला. २०२५ साली तो आला तेव्हा नियम असा होता की राजा शेवटपर्यंत तोच राहणार आणि प्रजा युगागणिक बदलणार. म्हणजे सम्राट अशोक आधी मौर्यांवर राज्य करतो, मग चोळांवर, मग आधुनिक युगात मुघलांवर! क्रमही गेमनेच सुचवलेला. आधुनिक युग साधारण १७५० पासून सुरू होतं. ज्या मुघल बादशहाला १७७२ मध्ये दिल्लीत परत यायला महादजी शिंद्यांची फौज लागली, त्याचं घराणं भारताच्या आधुनिक युगाचं प्रतिनिधी. पण मराठे का नाहीत, हे माझं भांडण नाही, त्यासाठी वेगळे लोक समर्थ आहेत. माझं भांडण त्या विचाराशी आहे. माणसं बदलायला चालतात, राजा बदलायला चालत नाही. गेमच्या पोटातलं तत्त्वज्ञान इतक्या उघडपणे याआधी कधी बाहेर पडलं नव्हतं.

पाचवी आणि माझ्या मते सगळ्यात वाईट गोष्ट, प्रजेला "नाही" म्हणता येत नाही. चौथ्या भागात ब्राँझ वर्किंग शिकलं की गुलामगिरी सुरू करता येते. शहरातली काही लोकसंख्या खर्ची घाला, इमारत ताबडतोब पूर्ण! आता हा क्रूरपणा गेममध्ये आहे म्हणून मी ओरडत नाही. इतिहासात तो होताच, लपवण्यात अर्थ नाही. मी ओरडतोय ते त्याच्या किमतीवर. किंमत काय? दहा टर्न एक नाराज चेहरा. अकराव्या टर्नला शहर सगळं विसरतं. म्हणून जाणकार खेळाडू एकमेकांना शिकवतात की दर दहा टर्ननी चाबूक वापरा, फायदा होतो. सहाव्या भागाच्या राइज अँड फॉल या विस्तारात (२०१८) शहरांना निष्ठा आली, ती घटली तर शहर फुटून जातं. ऐकायला बरं वाटतं. पण ती निष्ठा मुख्यतः कशाने ठरते, तर आसपासच्या शहरांची लोकसंख्या किती यावर. तुम्ही त्या लोकांशी कसे वागलात हा मुद्दा त्यात जवळपास नाहीच.

आणि ज्यांचं राज्यच नाही त्यांचं काय? बऱ्याच भागांत ती माणसं म्हणजे "बार्बेरियन", अंधारातून उगवणारी आणि मारण्यापुरती असलेली. किंवा मग ती छोटी वस्ती, जिच्यावर तुमचा शिपाई जाऊन उभा राहिला की सोनं किंवा एखादं तंत्रज्ञान मिळतं आणि वस्ती नकाशावरून नाहीशी होते. कुठे गेली? कुणी विचारत नाही. हजारो तास खेळलेल्या लोकांनाही हा प्रश्न पडलेला नसतो. खेळाच्या सुरुवातीला सगळी जमीन जणू रिकामी, तुमची वाट पाहत पडलेली.

आता नेहमीचं उत्तर येईल: "वास्तव आणलं की मजा जाते. रसद सांभाळत कोण बसणार? ऑफिसात तेच करतो की!" हे उत्तर मला दोन कारणांनी मान्य नाही.

एक म्हणजे हे सगळं काढून टाकल्याने मजाच गेलेली आहे. ज्याने हा गेम शेवटपर्यंत खेळलाय त्याला ठाऊक आहे की पहिले शंभर-दीडशे टर्न स्वर्ग असतात आणि नंतरचे हमाली. कारण उघड आहे. मोठं राज्य सांभाळणं अवघड का असतं? रसद लांबते, निरोप उशिरा येतात, सुभेदार स्वतःला राजा समजू लागतात, वारसांची भांडणं होतात. नेमकं हेच काढल्यावर मोठं राज्य म्हणजे नुसते जास्त क्लिक. राजाच्या वाटेत खरे अडथळेच उरत नाहीत, मग आव्हान आणायचं कुठून? तर प्रतिस्पर्ध्याला खिरापत वाटायची. सहाव्या भागात सगळ्यात कठीण पातळीवर तुम्ही एका वसाहत करणाऱ्या टोळीने सुरुवात करता, कॉम्प्युटरला तीन मिळतात. शिवाय त्याच्या प्रत्येक तुकडीला लढाईत ४ गुण फुकट, उत्पादनात घसघशीत वाढ. कॉम्प्युटर हुशार होत नाही, फक्त श्रीमंत होतो. मग मास्तरांच्या मुलाला आधीच मार्क दिलेल्या वर्गात पहिला यायचा प्रयत्न आपण करत बसतो आणि त्याला स्ट्रॅटेजी म्हणतो.

दुसरं कारण म्हणजे करून दाखवणाऱ्यांनी करून दाखवलंय. चौथ्या सिव्हिलायझेशनचा मुख्य डिझायनर सोरेन जॉन्सन याचा ओल्ड वर्ल्ड (२०२१) खेळून बघा. एक टर्न एका वर्षाचा. राजा म्हातारा होतो, मरतो, गादीवर येणारा पोरगा कधी कधी दिवटा निघतो. आणि दर टर्नला हुकूम मोजकेच. कुठलीही तुकडी हलवली की त्यातला हुकूम खर्च होतो, म्हणजे राजाचं लक्ष हीच मर्यादित गोष्ट. एका कल्पनेने अर्धे प्रश्न सुटतात! शॅडो एम्पायर (२०२०) मध्ये तर रस्ते नसतील तिथे रसद पोचत नाही आणि पुढे घुसलेली फौज गळपटते. दिसायला एक्सेल शीटसारखा गेम आहे, पण त्यात रस्ता बांधल्यावर मला जो आनंद झाला तो सिव्हिलायझेशनमध्ये पिरॅमिड बांधूनही कधी झाला नव्हता. मजा जात नाही हो, मजा तिथेच असते.

"बरं, असेल खोटं, पण एवढं काय मनावर घ्यायचं?" असं कुणी म्हणेल. घ्यायचं, कारण हा गेम स्वतःला नुसता गेम म्हणवत नाही. बुद्धिबळ स्वतःला इतिहास म्हणवत नाही, म्हणून त्याला मोकळीक. सिव्हिलायझेशनमध्ये सिव्हिलोपीडिया आहे, प्रत्येक युनिटला, प्रत्येक आश्चर्याला इतिहासाचा उतारा जोडलेला आहे. वर्गात जगाचा इतिहास शिकवायला तिसरा भाग वापरून पाहिला गेलाय. कर्ट स्क्वायर या अभ्यासकाचा २००४ सालचा पीएचडीचा प्रबंध त्यावरच आहे. आणि आपल्यासारख्या कित्येकांना, ज्यांनी दहावीनंतर इतिहासाचं पुस्तक हातात धरलं नाही, त्यांना "जग असं घडलं" याचं चित्र याच गेमने दिलंय. २०१८ साली क्री लोकांना आणि त्यांच्या पाउंडमेकर या नेत्याला गेममध्ये घेतलं, तेव्हा कॅनडातल्या पाउंडमेकर क्री नेशनच्या एका प्रमुखानेच जाहीर आक्षेप घेतला. म्हणणं असं की यातून आमच्या पूर्वजांचीही मूल्यं वसाहत करणाऱ्यांसारखीच, दुसऱ्यांना जिंकण्याची आणि जमीन बळकावण्याची होती, असा समज पसरतो. कंपनीला वाटलं आपण मान देतोय. पण गेममध्ये असण्याची एकच रीत आहे. पसरा, नाही तर संपा. मग तुम्ही कुणालाही घ्या, तो त्याच साच्यात बसणार.

हा साचा फक्त इतिहासापुरता राहत नाही. एका जुन्या प्रोजेक्टवर आमचे एक साहेब होते (नाव कशाला घ्या). त्यांच्या एक्सेलमध्ये आम्ही सगळे चौकोन होतो. प्रोजेक्ट उशिरा चाललाय? चार "रिसोर्स" इकडून तिकडे हलवा. दोन वीकेंड काम करून घ्या, थोडी नाराजी येईल, पुढच्या क्वार्टरला विसरतील. अमुक टेक्नॉलॉजी आली की तमुक मिळेल, बाण काढून दाखवलेला. कोण उपाशी आहे, कुणाला निरोपच कळलेला नाही, कोण मान डोलावतोय पण मनातून "नाही" म्हणतोय, यातलं काही त्या चौकोनात दिसत नव्हतं. साहेबांनी सिव्हिलायझेशन कधी खेळलं नसेल. पण वरून बघणाऱ्या माणसाला जे जग आवडतं तेच हा गेम आपल्याला खेळायला देतो, तेही अशा वयात, जेव्हा आपल्यातले बरेच जण लवकरच कुणाचे तरी साहेब होणार असतात. याची मला काळजी वाटते. चाबूक दहा टर्नांनी विसरला जातो हे ज्याच्या बोटांना पाठ झालंय, तो माणूस टीम हातात आल्यावर काय करेल?

आठवा सिव्हिलायझेशन कधी तरी येईलच. ग्राफिक्स सुधारतील, पाणी आणखी चकाकेल, राजांच्या मिशीचा केस न् केस दिसेल. मला त्यातलं काही नको. माझ्या मागण्या साध्या आहेत. फौजेला भूक लागू द्या. निरोपाला रस्ता चालायला लागू द्या. शिकलेलं कधी तरी विसरलं जाऊ द्या. राजाला मरण येऊ द्या, आणि त्याच्या मागे भांडणारी पोरं असू द्या. वस्तीवर जाऊन उभं राहिलं तर ती वस्ती कुठे गेली ते मला बघायला लावा. आणि महत्त्वाचं म्हणजे प्रजेला "नाही" म्हणता येऊ द्या, दहा टर्नांपुरतं नव्हे, लक्षात ठेवून.

एवढं केलंत तर माझा रणगाडा भालेवाल्याने खुशाल फोडावा. मी एक शब्द बोलणार नाही. रणगाड्यात पेट्रोल होतं का, एवढंच विचारीन.